लेखनयंत्रांची निवड आणि कोल्हापूरचा माल

(ग्रामीण उत्पादनांच्या विक्रीविषयी पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोल्हापूर जिल्ह्यात उत्तम माल तयार करणाऱ्या हातांची वानवा कधीच नव्हती. वानवा होती ती त्या मालाविषयी चार नेटके शब्द लिहिणाऱ्यांची. शाहूपुरीची पेठ छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. तेथे रवा फोडून पाहणारा व्यापारी समोर उभा असे. त्याला जाहिरात वाचण्याची गरज नव्हती. रंग, कणी आणि चव या तीन गोष्टींवर भाव ठरत असे. आज मात्र गिऱ्हाईक समोर नसते. ते पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात बसून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर माल पाहते. त्याला रवा फोडता येत नाही, चपलेचे चामडे चाचपता येत नाही. त्याच्या हाती येतात ते एक छायाचित्र आणि काही ओळी. त्या ओळी कोणी लिहावयाच्या, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक नवे उत्तर पुढे आले आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे साधन सर्वांसाठी खुले झाले. पाठोपाठ गूगलचे जेमिनी, मायक्रोसॉफ्टचे कोपायलट, अँथ्रॉपिकचे क्लॉड, व्हॉट्सॲपमध्येच बसविलेले मेटा एआय अशी साधने आली. जेमिनीचे भ्रमणध्वनीवरील ॲप जून २०२४ मध्ये भारतात आले तेव्हापासून त्यात मराठीची सोय आहे. याखेरीज जॅस्पर, कॉपी डॉट एआय यांसारखी, मुळात जाहिरातीचा मजकूर लिहिण्यासाठी म्हणून पुढे आलेली वेगळी साधने आहेत. बचत गटाची सचिव, गुऱ्हाळमालकाचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा, चर्मकार वस्तीतील तरुण कारागीर यांच्या हाती ही साधने पोहोचलीही आहेत. ती वापरावीत की वापरू नयेत, हा वाद आता मागे पडला आहे. यांपैकी कोणते साधन कोणत्या कामाला घ्यावे आणि त्याच्यावर किती भिस्त ठेवावी, हे ठरविणे बाकी आहे.

नावाचे मोल

या निवडीला एवढे महत्त्व का द्यावयाचे, हे समजण्यासाठी एक अलीकडची घटना पुरेशी आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या नामांकित कंपनीने आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाच्या चपला सादर केल्या. त्यांचे वर्णन केवळ चामडी सँडल एवढेच करण्यात आले होते. त्यात कोल्हापूरचा उल्लेख नव्हता आणि कारागिरांचाही नव्हता. महाराष्ट्रात याविरुद्ध आवाज उठला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले आणि कंपनीने आपली प्रेरणा भारतीय हस्तकलेतून आल्याचे मान्य केले. जुलैत कंपनीचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन गेले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ यांच्याशी कंपनीने करार केला. प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार सुमारे २,००० जोड तयार व्हावयाचे होते आणि एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो ठेवावयाची होती.

चामडे तेच, वीण तीच, घाटही तोच. फरक पडला तो वर्णनाच्या दोन शब्दांत. वर्णनातून गावाचे नाव गळले तेव्हा कारागिराचा हक्कही त्याच्याबरोबर गळला. नाव परत आले तेव्हा बोलणी सुरू झाली. मग हेच नाव कोल्हापुरातल्याच एखाद्या दुकानाच्या जाहिरातीतून, यंत्राने लिहिलेल्या गुळगुळीत मजकुराखाली दबून नाहीसे होऊ लागले, तर त्याची तक्रार कोणाकडे करावयाची?

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांपुरते ते मर्यादित आहे. कोल्हापुरी गुळाला हे मानांकन २०१४ मध्ये आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये मिळाले. १९९९ च्या कायद्याप्रमाणे या नावांचा खोटा वापर हा गुन्हा आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. जाहिरातीत "मानांकित" हा शब्द घालण्यापूर्वी ती नोंदणी आहे की नाही, हे यंत्र विचारीत नाही. सांगितले की ते लिहून मोकळे होते.

यंत्र लिहिते कसे?

या साधनांचे कार्य थोडक्यात समजून घेतले, तर त्यांच्याविषयीची अवास्तव भीती आणि अवास्तव भक्ती दोन्ही कमी होतील. कोट्यवधी पानांचा मजकूर चाळून कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, याचे गणित यंत्राने बसविलेले असते. विचारणा झाली की त्या गणितानुसार शब्दामागे शब्द ठेवला जातो. काही साधने लिहिण्यापूर्वी इंटरनेटवर शोध घेतात, त्यामुळे चुका कमी होतात. परंतु मूळ प्रक्रिया बदलत नाही. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतल्या रसाचा बुडबुडा पाहून आणि थेंब पाण्यात टाकून पाक उतरला की नाही ते सांगतो. यंत्राने असा एकही थेंब पाहिलेला नाही. गुळव्यांविषयी लिहिलेले तेवढे वाचलेले आहे. म्हणून त्याची भाषा सफाईदार असते आणि सफाईच्या आड चूक बेमालूम लपते. माहिती अपुरी पडली तर यंत्र थांबत नाही. तेथे शोभेलसे काहीतरी भरून ते पुढे जाते.

मराठीच्या बाबतीत आणखी दोन अडचणी आहेत. यंत्रांच्या वाचनात इंग्रजी मजकूर फार मोठा आणि मराठी त्या मानाने थोडा. परिणामी पुष्कळदा विचार इंग्रजी वळणाचा आणि वर मराठी शब्दांचा मुलामा, असा प्रकार होतो. "आमच्या हस्तनिर्मित पादत्राणांसह तुमच्या शैलीला उन्नत करा" ही या धाटणीची ओळ. कोल्हापुरात पायताण घेणाऱ्या कोणत्याही माणसाने आजवर आपली शैली उन्नत करून मागितलेली नाही. दुसरी अडचण खर्चाची आहे. यंत्र मजकुराचे लहान लहान तुकडे पाडून तो हाताळते आणि त्या तुकड्यांवर आकार मोजला जातो. देवनागरी मजकुराचे तुकडे बहुतेक साधनांत तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा अधिक पडतात. अलीकडच्या साधनांत हे अंतर कमी झाले असले तरी ते मिटलेले नाही. फुकट वापराची मर्यादा मराठीत लवकर संपते ती यामुळे, आणि मोठ्या प्रमाणावर काम करून घेणाऱ्या संस्थेचे देयकही यामुळेच फुगते.

वारणेचा अनुभव

नवे साधन निवडण्याचा हा प्रसंग जिल्ह्यावर पहिल्यांदाच आलेला नाही. १९९८ मध्ये वारणानगर येथे संगणकीकृत ग्राम प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्याच्या कक्षेत होती. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने त्याची उभारणी केली. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणेच्या सहकारी संस्थांचे जाळे पाठीशी असल्यामुळे गावोगाव संगणक केंद्रे उघडता आली. अपेक्षा मोठ्या होत्या. शेतीचा सल्ला, बाजारभाव, जमिनीची कागदपत्रे, रोजगाराची माहिती हे सारे गावातच मिळावयाचे होते. प्रत्यक्षात केंद्रांचा वापर मुख्यतः कारखान्याशी असलेल्या उसाच्या व्यवहारापुरता राहिला. किती टन ऊस गेला, किती बिल निघाले, हेच शेतकऱ्याला हवे होते.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी यांतील सात गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश वापरून पाहिला. शेतकऱ्याने संदेश धाडावा आणि आपल्या उसाचे वजन कळवून घ्यावे, इतकी साधी ती योजना होती. संगणक, वीज, केंद्र उघडण्याची वेळ या सर्व कटकटींतून शेतकरी सुटला, खर्चही उतरला. साधन लहान झाले आणि उपयोग वाढला. वारणेच्या प्रकल्पाला अयशस्वी ठरविणाऱ्यांनी हा उत्तरार्ध लक्षात घेतलेला नसतो. लेखनयंत्रांच्या बाबतीतही प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच की, काम नेमके कोणते आहे.

कामावरून साधन

गटाची कामे पाहिली तर ती फार मोठी नसतात. मालाच्या पुडक्यावर चार ओळी हव्या असतात. व्हॉट्सॲपवर धाडण्यासाठी दिवाळीचा संदेश हवा असतो. प्रदर्शनात लावण्यासाठी फलक हवा असतो. परगावच्या गिऱ्हाइकाने इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर हवे असते. कधी मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासाठी गटाची ओळख लिहावी लागते. एवढ्यासाठी जाहिरातीची म्हणून विकली जाणारी महागडी साधने घेण्याचे कारण दिसत नाही. त्यांपैकी अनेक साधने आतून सर्वसाधारण यंत्रांवरच चालतात. त्यांच्यावर साच्यांची आणि मांडणीची भर घातलेली असते. ते साचे बहुतांशी इंग्रजी बाजारपेठ डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले आहेत आणि वर्गणी सामान्यतः डॉलरमध्ये, महिन्यामागून महिना, आपोआप कापली जाते. शेकडो वस्तूंची यादी असलेल्या आणि रोज मजकूर काढणाऱ्या मोठ्या दुकानाला ती परवडतील. हंगामात गूळ आणि सणासुदीला काकवी विकणाऱ्या गटाला सर्वसाधारण साधनाचा फुकट भाग बहुधा पुरतो.

भाषांतर हे काम वेगळे मानले पाहिजे. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेला केंद्र शासनाचा भाषिणी हा उपक्रम भारतीय भाषांमधील भाषांतर आणि बोललेल्या शब्दांचे लेखन यांसाठी आहे. मजकूर मराठीत आधीच चांगला लिहिलेला असेल आणि तो कानडीत किंवा हिंदीत न्यावयाचा असेल, तर नव्याने लिहिणाऱ्या यंत्रापेक्षा भाषांतराचे साधन बरे. ते भर घालण्याचा मोह तुलनेने कमी धरते. बेळगाव आणि निपाणीकडचे गिऱ्हाईक असलेल्या चपलेच्या दुकानांना याचा सरळ उपयोग आहे. मात्र धंद्यातील शब्द येथेही तपासावे लागतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे हिरडा, बाभळीची साल अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावतात. इंग्रजीत जाऊन परत येताना "वनस्पतींनी कमावलेले चामडे" याचे "वनस्पतीपासून बनविलेले चामडे" होण्यास वेळ लागत नाही. मग प्राणिज चामडे न वापरणारा एखादा गिऱ्हाईक चप्पल मागवितो, हाती आल्यावर संतापतो आणि ती परत पाठवितो. एका प्रत्ययाच्या फरकाने जोड, टपालखर्च आणि नाव तिन्ही गेले.

माहितीचा कागद

कोणतेही साधन घेतले तरी त्याच्या पुढ्यात काय ठेवले जाते, यावर निम्म्याहून अधिक परिणाम अवलंबून असतो. "कोल्हापुरी चपलेची छान जाहिरात लिही" एवढेच सांगितले, तर "परंपरा आणि आधुनिकता यांचा सुंदर संगम" हे उत्तर ठरलेले. तेच उत्तर शेजारच्या दुकानदारालाही मिळते, आणि त्याच्या शेजाऱ्यालाही. सगळ्यांच्या जाहिराती एकमेकींच्या जुळ्या बहिणी दिसू लागल्या की गिऱ्हाईक भाव तेवढा पाहते. आणि भावाच्या शर्यतीत हाताने शिवणारा कारागीर कारखान्यातल्या रबरी तळाच्या नकलेपुढे कधीच टिकत नाही.

याउलट, लिहावयाला बसण्यापूर्वी कारागिराला विचारून एका कागदावर माहिती उतरून घ्यावी. चप्पल कापशी घाटाची की पुकरी. तळ किती पदरी. कातडे कोणते आणि कशात कमावलेले. खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवली आहे काय. कान, वेणी व गोंडा हाताने केला आहे काय. एका जोडास किती दिवस लागतात. पावसात घालता येते की नाही. पहिले काही दिवस तेल कोणते लावावे. पायाला लागली तर बदलून मिळते काय. हा कागद कारागिराच्या शब्दांतच असावा. पायताण म्हणत असेल तर पायताणच लिहावे. या घाटाचे कापशी हे नाव कागल तालुक्यातील गावाचे आहे, हेही लिहावे; कारण नेमके हेच यंत्राला ठाऊक असण्याची खात्री नसते आणि नेमके हेच नकलेच्या दुकानदाराला लिहिता येत नाही. असा कागद यंत्राला देऊन "यात नसलेली एकही गोष्ट घालू नकोस" असे बजावले, तर मजकूर पुष्कळच जमिनीवर राहतो. मात्र बजावल्यानंतरही तपासणी चुकत नाही.

येथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी "सैरंध्री" हा चित्रपट १९२० मध्ये पडद्यावर आणला. ते मुळात चित्रकार. आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रे ते स्वतः रंगवीत आणि भारतीय चित्रपटांच्या रंगीत भित्तिचित्रांचे श्रेय त्यांना दिले जाते. ज्याने चित्रपट घडविला त्यानेच त्याची जाहिरात रंगविली. त्यामुळे जाहिरातीत जे दिसे त्याला पडद्यावर आधार असे. माहितीचा कागद कारागिराने सांगावा, हा आग्रह या गावाला नवा वाटू नये.

चाचणी

साधनांची तुलना करणारे लेख आणि याद्या पुष्कळ प्रसिद्ध होतात. त्या बहुतेक इंग्रजी मजकुरावर बेतलेल्या असतात, शिवाय साधने इतक्या वेगाने बदलतात की सहा महिन्यांपूर्वीची यादी शिळी होते. तेव्हा गटाने स्वतःच चाचणी घ्यावी हे उत्तम. तिला खर्च नाही. एक दुपार लागते.

माहितीचा तोच कागद दोन किंवा तीन साधनांना द्यावा, तेच काम शब्दशः त्याच भाषेत सांगावे. उदाहरणार्थ, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाच्या एक किलोच्या पिशवीवरील साठ शब्दांचा मजकूर. आलेले मजकूर कोणत्या साधनाचे ते न सांगता दोन व्यक्तींना वाचावयास द्यावेत. एक व्यक्ती भात पिकविणारी असावी आणि दुसरी विकत घेणारी, शक्यतो परगावची. पिकविणाऱ्याने खोट्या विधानांखाली रेघ मारावी. घनसाळ हा आखूड दाण्याचा सुवासिक तांदूळ आहे. एखाद्या यंत्राने त्याला बासमतीसारखा लांबसडक करून टाकला, तर ते शेतकऱ्याच्या डोळ्याला तत्काळ खुपेल, शहरी वाचकाला कदाचित खुपणार नाही. घेणाऱ्याने अडखळविणाऱ्या वाक्यांखाली रेघ मारावी आणि वाचून तांदूळ घ्यावासा वाटला काय ते सांगावे. ज्या मजकुरावर रेघा कमी, ते साधन त्या कामापुरते पसंत. हीच चाचणी दोनतीन वेळा, निरनिराळ्या दिवशी घ्यावी, कारण एकाच विचारणेला यंत्र दर वेळी तेच उत्तर देत नाही. बोलून मजकूर सांगण्याची सोय तपासताना गटातील सर्वांत वयस्क सभासदाला बोलावयास लावावे. पन्हाळा किंवा गडहिंग्लजकडची बोली यंत्राला उमगते काय, हे तेथेच कळते.

माध्यमिक शाळांतील मराठीच्या शिक्षकांना यात एक चांगले साधन सापडेल. यंत्राने लिहिलेली गावच्या मालाची जाहिरात फळ्यावर लिहावी आणि मुलांना तिच्यातील इंग्रजी वळणे, पोकळ विशेषणे आणि खोटी विधाने हुडकावयास सांगावे. गुऱ्हाळावर वाढलेला मुलगा त्या तासाला वर्गात पहिला येण्याचा संभव आहे.

कायद्याची बाजू

ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते ती ही. गुळाची जाहिरात लिहावयास सांगितली की "रक्त शुद्ध करतो", "मधुमेहींसाठीही सुरक्षित", "रोगप्रतिकारशक्ती वाढवितो" अशी विधाने यंत्राकडून येण्याचा धोका मोठा आहे, कारण इंटरनेटवर तशा मजकुराचा सुकाळ आहे. गुळातील फार मोठा भाग साखरेचाच असतो. मधुमेह असलेल्या एखाद्या व्यक्तीने पुडक्यावरील ओळीवर विश्वास ठेवून रोज गूळ खाल्ला, तर होणारी इजा खरी असेल आणि तिची जबाबदारी यंत्रावर येणार नाही. ती पुडक्यावर ज्याचे नाव छापले आहे त्याच्यावर येईल. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांविषयी २०१८ चे विनियम आहेत. अन्नपदार्थ रोग बरा करतो असे म्हणण्यास त्यात मनाई आहे; इतकेच काय, "नैसर्गिक", "शुद्ध", "पारंपरिक", "अस्सल" हे शब्द कोणत्या परिस्थितीत वापरावयाचे यालाही अटी आहेत. नेमके हेच शब्द यंत्राच्या विशेष आवडीचे. "सेंद्रिय" या शब्दासाठी २०१७ चे स्वतंत्र विनियम लागू आहेत आणि थेट विक्री करणाऱ्या लहान उत्पादकांना दिलेली सवलत सोडता प्रमाणीकरण आवश्यक आहे. विस्तार अधिकाऱ्यांनी हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून गटाच्या बैठकीच्या जागी लावले, तर एक उपयुक्त काम होईल.

दुसरी बाजू गोपनीयतेची. मजकूर लिहून घेण्याच्या ओघात गिऱ्हाइकांची नावे व दूरध्वनी क्रमांक, लाभार्थ्यांची यादी, आधार क्रमांक, गटाचा हिशेब हे सारे यंत्राला देण्याची सवय लवकर जडते. फुकट साधनांपैकी काहींत दिलेला मजकूर पुढे यंत्राच्या शिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. तो वापर बंद करण्याची सोय असली तरी ती शोधून काढावी लागते. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील यादी कर्मचाऱ्याने सोयीसाठी अशा साधनात टाकणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. जाहिरातीच्या मजकुराला माल पुरतो; गिऱ्हाइकाचे नाव लागत नाही.

मालाचे चित्रही यंत्राकडून काढून घेण्याची टूम निघाली आहे. ती न पत्करलेली बरी. चपलेचे चित्र यंत्राने काढले तर वेणीचे पेड कोठून निघाले आणि कोठे गेले याचा ठाव लागत नाही. आणि तसा जोड कोणत्याच कारागिराने शिवलेला नसतो. संत रोहिदास महामंडळाने मानांकित कोल्हापुरी चपलांसाठी क्यूआर संकेतचिन्हाची सोय केली आहे, ती खरेपणाची खूण गिऱ्हाइकाला पटावी म्हणून. तिच्या शेजारी काल्पनिक चित्र शोभणार नाही. साध्या भ्रमणध्वनीवर, सकाळच्या उन्हात काढलेले खऱ्या जोडाचे छायाचित्र पुरेसे असते.

खर्च आणि मनुष्यबळ

साधनासाठी पैसे खर्चावेत काय, असा प्रश्न ग्रामपंचायतींकडून आणि गटांकडून येतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री योजनेत गट व उत्पादक संस्थांना नाममुद्रा व विपणनासाठी खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. अशा साहाय्यातून पैसा उपलब्ध होतो तेव्हा तो आधी यंत्राच्या वर्गणीकडे वळतो, असा मोह दिसतो. त्यापेक्षा तो चांगली छायाचित्रे, मजबूत पुडके आणि प्रयोगशाळेतील तपासणी यांवर खर्च झालेला अधिक हिताचा. गुळाच्या तपासणीचा दाखला हाती असला म्हणजे जाहिरातीत लिहिण्यासारखे एक खरे वाक्य मिळते, आणि ते कोणत्याही यंत्राला स्वतःहून सुचणारे नसते.

उमेद अभियानातील गटांपुढे अडचण पैशापेक्षा माणसांची अधिक आहे. दहा सभासदांच्या गटात एकीच्याच हाती बरा भ्रमणध्वनी असतो आणि मजकूर तिच्याच मर्जीने निघतो. तिचे लग्न झाले किंवा ती नोकरीसाठी पुण्याला गेली, की साधनाचा परवलीचा शब्दही तिच्याबरोबर जातो. म्हणून खाते गटाच्या नावाने उघडावे, परवलीचा शब्द सचिव व अध्यक्षा या दोघींकडे असावा, आणि माहितीचे कागद यंत्रात न ठेवता इतिवृत्ताच्या वहीलाच जोडून ठेवावेत. साधन उद्या बंद पडले, महाग झाले किंवा बदलले तरी वही राहते आणि तिच्यावरून दुसऱ्या साधनाकडून काम घेता येते. मजकूर छापावयास देण्यापूर्वी तो ज्याच्या मालाचा आहे त्याला मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्याची सही त्याच पानावर घ्यावी. सही करता येत नसल्यास अंगठाही चालेल. मात्र वाचून दाखविल्याशिवाय तो घेऊ नये.